उलटे वेढे

२ फेब्रुवारी

प्रिय पक्कड,

आधी हे सांगते की मी जिवंत आहे. बावीस वर्षांनी माहेरचं पाकीट आलं की माणूस पहिल्या ओळीत कोण गेलं तेच शोधतं, म्हणून. कुणी गेलेलं नाही. तुझ्या भावाचे केस तेवढे गेलेत.

अक्षर सूनबाईचं आहे, बोलणं माझं. तू गेल्यावर चार वर्षांनी ती या घरात आली, त्यामुळे तुम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. आता अक्षर तरी बघ. मी सांगेन तेवढंच लिहायचं असं तिला बजावलंय. तिने मान हलवलीय. पण मान हलवणाऱ्या माणसांचा मला भरवसा नाही. मीही जन्मभर मान हलवून आपलंच खरं केलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे मी सुनेपाशी बोलणार आणि ते लेकीला लागलं पाहिजे, असा उलटा कारभार आहे.

मला लिहिता येत असतं तर हे पत्र कधीच आलं असतं, असं समजू नकोस. लिहिता न येणं ही मोठी सोय असते. पुष्कळ गोष्टी त्याच्यावर ढकलता येतात.

अजून पक्कड म्हटलेलं चालतं ना? पाळण्यात असताना माझं बोट धरलंस ते काही केल्या सोडेनास, तेव्हा तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. मग सगळी गल्ली त्याच नावाने हाक मारायला लागली. धरलेलं सोडायचं नाही हा तुझा गुण तेव्हाच दिसला होता, आम्हीच कौतुक करत बसलो.

तुझा भाऊ सांगतो, तू दातांच्या दवाखान्यासाठी तारा वाकवतेस. वाकडे दात सरळ करायच्या तारा. म्हणजे घर सुटलं तरी तार काही सुटली नाही. आणि तुझी लेक पंधरा वर्षांची झाली म्हणे. कोणत्या हाताने लिहिते?

आता कारण. किरकोळ आहे. ते अकरा खड्यांचं गळ्यातलं आठवतं का, प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं? ज्यांनी ते विकत घेतलं होतं, त्यांच्या घरच्यांनी आता ते संग्रहालयाला देऊन टाकलं. संग्रहालयवाले आपल्या कामाचं एक वेगळं दालन करणार आहेत, सांध्याला डाग न देता नुसत्या तारेत गुंडाळलेल्या दागिन्यांचं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, चार वाजता उघडणार. मला बोलावलंय. गल्लीत माझा भाव वाढलाय, ‘तारवाली आजी’च्या जागी ‘आजीबाई, बसा’ झालंय.

तर त्या गळ्यातल्याचा मधला खडा, तो मोठा धुरकट, जरा हलतोय असं वाटतं. सहज विचारते, त्याच्या मानेचे, कडीखालचे वेढे कोणत्या अंगाने आहेत हे तुझ्या काही लक्षात आहे का? तेव्हा तू जवळच बसायचीस. माझ्या लक्षात राहिलं नाही. वय झालं.

उत्तर दे. एका ओळीचं चालेल.

अंगठा मी देत नाही, कागद घाण होतो. सही म्हणून खाली तारेचा तुकडा अडकवलाय. माझे तीन वेढे, आणि शेपूट कापून आत दाबलेलं. काम पूर्ण. तुझ्या बाबांची शिस्त तू विसरली नसशील. शेपूट लांब सोडलेलं काम दिसलं की दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, ज्याचं आहे तो परत येऊन करणार आहे. सूनबाईने या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात टेबल आवरताना माझी पाच शेपटं कापून टाकली होती. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. (हो, लिही. इतक्या वर्षांनी तरी माझी बाजू कुणाला कळू दे.)

तुझी,
आई

वन्सं, ही ओळ माझी. आईंना माहीत नाही. हे सगळं सांगत असताना त्यांच्या हातात तार होती, आणि त्या ती डाव्या हाताने गुंडाळत होत्या. दोनदा बोटाला टोचलं. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, व्यायाम. उत्तर नक्की द्या.

१९ फेब्रुवारी

प्रिय पक्कड,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला मी इतक्या वेळा विचारलं की आता तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की लांबूनच दोन्ही हात हलवतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पीळ कुणाकडून आला, हे सूनबाई तोंडावर पदर धरून मला विचारते आहे. तिला म्हटलं, तू लिही.

मागच्या पत्रात मी म्हटलं होतं, खडा हलतोय. हलत होता. आता हलत नाही. निघालाय.

नीट सांगते. संग्रहालयाच्या बाई फार गोड आहेत. वय तुझ्याएवढं असेल, चष्मा गळ्यात साखळीला, आणि सारखी वही. मला गाडीने घेऊन गेल्या. आत थंडगार, आणि सगळीकडे अशी शांतता की माझ्या चपलांची मलाच लाज वाटली. त्यांनी विचारलं, “आजी, तुमच्याकडे ही कला आली कुठून?” मी म्हटलं, “पंख्यातून.” त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग सांगितलं की माझा नवरा पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करायचा. जळलेली तार काढायची, नवी भरायची. वेढे मोजायला मी बसायचे. अक्षर नाही तरी आकडा मला चुकला नाही कधी. रिळाच्या शेवटी हातभर, दोन हात तार उरायची, ती फेकवेना. एकदा मुलीने नदीतला गोटा आणला, त्याला भोक पाडायचं हत्यार घरात नव्हतं, आणि ती तर हटून बसलेली की गळ्यात घालायचाय. मग त्याच उरलेल्या तारेने त्याला कमरेला, खांद्याला, मानेला गुंडाळून वर कडी काढून दिली. तिथून सुरुवात.

गोटा तू आणला होतास. ते बाईंनी लिहून घेतलं.

सोनार कसे हसायचे आपल्याला, तेही सांगितलं. भट्टी नाही, डाग देणं नाही, म्हणे ही कसली कारागिरी, ही तर भाजीची जुडी बांधणं झालं. बाई म्हणाल्या, “आजी, इकडे या,” आणि एका कपाटापाशी घेऊन गेल्या. आत काळ्या कापडावर बोटाच्या पेराएवढं काहीतरी. एक लाल मणी आणि त्याच्याभोवती सोन्याची तार, केसासारखी. हजारो वर्षांपूर्वीचं आहे म्हणाल्या. डाग नाही. नुसते वेढे. पक्कड, मी तिथे किती वेळ उभी राहिले कोण जाणे. तेव्हा ना पंखे होते ना मोटारी, आणि कुणीतरी बसून आपल्यासारखंच मानेला वेढे घालत होतं. खाली पाटी होती. विचारलं, काय लिहिलंय? बाईंनी वाचलं, “कारागीर अज्ञात.” म्हणजे काय? म्हणजे कुणी केलं ते माहीत नाही.

काचेला नाक लावून मी बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण वेढ्यांपुरतं अजून दिसतं. ते वेढे उलटे होते. माझ्या हाताच्या उलटे. म्हणजे करणारी डावखुरी. (करणारी की करणारा, ते सूनबाई विचारते. करणारीच. मला कळतं.)

तर तिथून आम्ही टेबलापाशी आलो. मऊ कापडावर ते गळ्यातलं ठेवलेलं, बावीस वर्षांनी माझ्या हातात. बाई म्हणाल्या, “तुमच्याच हातचं आहे, तुम्हीच घट्ट करून द्या. आमचा माणूस घाबरतो.” मी बारीक पक्कड घेतली, शेपटाचं टोक धरलं आणि नेहमीसारखं माझ्या अंगाने पिळलं. घट्ट व्हायचं तर वेढा उघडला. मग घाबरून परत फिरवलं. जुन्या तारेला एकदा वाकवलेलं लक्षात असतं, तिथेच उलट वाकवलं की ती तुटते, हे मीच तुला शिकवलंय. तुटली. खडा कापडावर पडला आणि अर्धं वर्तुळ फिरून थांबला. आवाज काहीच झाला नाही.

सूनबाई सोबत होती. परत येताना गाडीत म्हणाली, “आई, स्वतःच्या हातच्या कामाची दिशा कशी चुकली?” मी म्हटलं, डोळे. मोतीबिंदू. तसंच लिही, सूनबाई, मोतीबिंदू.

म्हणून विचारत होते, वेढे कोणत्या अंगाने. आता उत्तर कळलंय, तरी तू लिही.

तुझी,
आई

वन्सं, पत्रातला क्रम खरा नाही. गळ्यातलं तुटलं ते जानेवारीच्या शेवटी. पहिलं पत्र त्यानंतर चार दिवसांनी लिहिलं. म्हणजे विचारलं तेव्हाच त्यांना उत्तर माहीत होतं. हल्ली दुकानात बसत नाहीत, गिऱ्हाईक आलं की मला पुढे करतात. भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून बसतात. तो बक्षिसाचा फोटो. बाकी त्या सांगतील तेव्हा. मी सांगणार नाही.

२६ फेब्रुवारी

आदरणीय कन्येस सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

सदर पत्र आपल्या मातोश्रींच्या सांगण्यावरून मी, समोरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, लिहीत आहे. मातोश्री म्हणतात की अक्षर बदललेले पाहून घाबरू नये, सूनबाई आजारी नाहीत, त्यांना मुद्दामच बाजारात पाठवले आहे. मातोश्री असेही म्हणतात की “मातोश्री” लिहू नका, आई लिहा. तरी मी आपल्या पद्धतीने लिहितो.

मातोश्री सांगतात ते पुढीलप्रमाणे:

पक्कड, जे सांगायचंय ते सुनेच्या हाताने लिहून घेणं मला जमेना, म्हणून इकडे आले. प्रदर्शनाच्या आधी ते लोक दुकानात आले होते, तो दिवस. त्यांच्याकडे मोठं रजिस्टर होतं. त्यांनी विचारलं, कारागीर कोण, आणि मी

येथे मातोश्री थांबल्या. सुमारे पाच मिनिटे त्या माझ्या दुकानातील आरशाकडे पाहत होत्या. मी विचारले, पुढे काय लिहू? त्या म्हणाल्या, “तुम्हीच ना हो त्या फोटोला काच बसवून दिली होती?” मी म्हटले, होय, आणि पैसे घेतले नव्हते, साऱ्या गल्लीचा मान होता तो. त्यावर त्या म्हणाल्या, मग पुढचे राहू द्या, डोळ्यांचे लिहा.

त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला असून शस्त्रक्रिया लवकर करावी, असे माझे मत आहे. डावा बरा आहे. प्रकृती अन्यथा उत्तम, जिभेची धार कायम.

कळावे, लोभ असावा.

(तारेचा तुकडा त्यांनी स्वतः टोचला आहे. माझ्या बोटालाही लागला.)

४ मार्च

पक्कड,

परत सूनबाईचं अक्षर. चष्मेवाल्याने काय लिहिलं देव जाणे. वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, मी कलेक्टर कचेरीत अर्ज केलाय.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी हिला म्हटलं, आज पेन बाजूला ठेव, आधी नुसतं ऐक. ही म्हणाली, “मग वन्संना कोण सांगणार? पेन हातात असतानाच बोला.” मी म्हटलं, लिहिताना तुला वाईट वाटेल. तर ही बया भिंतीकडे बघत म्हणते, “आई, त्या फोटोत गळ्यातल्याचे वेढे दिसतात. अठरा वर्षं मी ती काच पुसते आहे.”

म्हणजे अठरा वर्षं माझ्या हातचा चहा पीत ही गप्प होती. मी विचारलं, बोलली का नाहीस? “तुमचं शेपूट होतं,” म्हणाली, “न कापलेलं. हात लावायचा नाही, तुम्हीच शिकवलंत.”

असो. लिही.

तू डाव्या हाताने तार धरायचीस तेव्हा मी तुझ्या हातावर पट्टी मारायचे. एकदा नाही, वर्षानुवर्षं. उलटे वेढे दुकानात चालायचे नाहीत म्हणून तुझं काम उलगडायला लावायचे. तू उलगडून उजव्या हाताने परत करायचीस. ते काम ठीक असायचं, नुसतं ठीक. आणि मी सगळ्यांना सांगायचे, मुलीचा हात अजून बसायचाय.

ते गळ्यातलं तू माळ्यावर बसून आठ महिने केलंस. मला न दाखवता, डाव्या हाताने. ज्या दिवशी माझ्यासमोर टेबलावर ठेवलंस, मी बोटांनी चाचपलं. अकरा खडे, आणि एकाही वेढ्याला दुसऱ्याचा धक्का नाही. कुठे तार संपली ते नखाला लागेना. मला असं काम कधी आलं नाही, पक्कड. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय म्हटलं, आठवतं? “वेढे उलटे आहेत.”

आणि दुसऱ्याच आठवड्यात ते प्रदर्शनवाले आले. त्यांना दुसरं काही नको झालं, तेच उचललं. रजिस्टर उघडलं. मोठ्या साहेबाने टोपी काढून मला विचारलं, “बाई, कारागीर कोण? नाव सांगा, लिहून घेतो.” मला तोवर कुणी नाव विचारलं नव्हतं. अमक्याची बायको, तमकीची आई, तारवाली. आपलं नाव कुठल्या कागदावर असतं कसं, हेच मी पाहिलेलं नव्हतं. तू माझ्या मागे उभी होतीस, हातात चहाचे कप. मी म्हटलं, “मीच.” आणि माझं नाव सांगितलं.

मनाला समजावायला मी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. तू लहान आहेस, तुला पुढे किती मिळेल. दुकान एकच, नाव एकच. शिकवलं कुणी, मीच ना. या सगळ्या त्या नंतर शोधलेल्या आहेत. तोंडातून ‘मीच’ निघालं तेव्हा यातली एकही मनात नव्हती. मला ते माझं हवं होतं, एवढंच.

तू कप टेबलावर ठेवलेस. एकही हिंदकळला नाही. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही धरून चालले की काही झालंच नाही. झाकली मूठ. सहा महिने आपण एकाच टेबलाला समोरासमोर बसून काम केलं. मग एका सकाळी दुकान उघडलं तर तुझ्या बाजूची सात अर्धवट कामं ओळीने मांडलेली, आणि सातही शेपटं मुळापासून कापलेली. चिठ्ठी नव्हती. असती तरी मला कुठे वाचता येणार होती. पण ते मला वाचता येईल, याची तू सोय करून गेलीस.

आता मोतीबिंदूचं. खोटं होतं. माझ्या डोळ्यांना वेढे दिसत होते. पण मी बघितलेच नाहीत, बघायची गरजच वाटली नाही. बावीस वर्षं माझं माझं म्हणत आले, ते हातालासुद्धा खरं वाटायला लागलं, आणि हात सरळ आपल्या अंगाने फिरला. खडा पडला तेव्हा कळलं. हा हात इथे कधी आलाच नव्हता.

त्या काचेतल्या बाईचं मला रोज आठवतं, ती हजारो वर्षांपूर्वीची डावखुरी. तिचं नाव लोक विसरले. निदान तिच्या आईने ते घेतलं नसावं.

उद्या मी संग्रहालयात जाणार आहे. तुझं उत्तर आलं तरी आणि न आलं तरी.

सूनबाईचं पेन मघापासून थांबलंय. रडतेस काय, लिही. कागद ओला झाला तर तिला वाटेल मीच रडले.

आई

१५ मार्च

प्रिय पक्कड,

दोन बातम्या आहेत. आधी माझी सांगते, कारण ती मोठ्या मुश्किलीने केलीय.

पाच तारखेला गेले. सूनबाई बरोबर होती, पण मी तिला सांगितलं होतं, तू बोलायचं नाहीस. बाईंनी चहा मागवला. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, “हे गळ्यातलं माझं नाही. माझ्या लेकीचं आहे. मी खोटं सांगितलं होतं.”

बाई हसल्या. त्यांना वाटलं म्हातारी लेकीचं कौतुक करतेय. “म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून केलं?” मी म्हटलं, “नाही. मी तिच्या हातावर पट्ट्या मारल्या. तेवढंच माझं काम.” मग तार घेतली आणि त्यांच्या टेबलावर दोन वेढे घालून दाखवले, एक उजव्या हाताने आणि एक, जमला तसा, डाव्या हाताने. गळ्यातल्याशेजारी ठेवले. बाईंनी चष्मा लावला. बघितलं. मग वही मिटली.

“आजी,” त्या म्हणाल्या, “माहितीपत्रक छापून झालंय.”

“मग परत छापा. मी बावीस वर्षं उशीर केला, तुम्ही दोन दिवस करा.”

“आणि तुमचं नाव? कुठेतरी लिहायला हवं ना.”

“लिहा की. ‘खडा पाडणारी.’”

सूनबाई फस्सकन हसली आणि मग बाईसुद्धा. पण दाराशी पोचवायला आल्या तेव्हा पूर्वीसारखा हात धरला नाही. ते बरोबरच आहे.

काल पाटी करून आली म्हणून बोलावलं. गळ्यातल्याखाली लावलीय. सूनबाईने वाचून दाखवली, तुझं नाव आणि त्याच्यापुढे ‘कारागीर’. अक्षर म्हणजे मला चित्रच. मी तार काढली आणि पाटीवरून मापून घेतलं. मग घरी येऊन सूनबाईला तेवढ्याच मोठ्या अक्षरात माझं नाव लिहायला लावलं, तेही मापलं. तुझं माझ्यापेक्षा दीड बोट लांब आहे. आम्हीच ठेवलेलं नाव, आणि केवढं आहे ते मला माहीत नव्हतं.

खडा तसाच आहे. त्यांचा माणूस बसवायला तयार होता. मी म्हटलं, नाही. आता या कामाला हात लावेल तर जिचं आहे तीच. म्हणून मधली जागा मोकळी ठेवलीय आणि खडा खाली छोट्या डबीत, कापसावर. बघायला वाईट दिसतं. दिसू दे.

दुकानातला फोटोही सूनबाईने उतरवला. भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ राहिलाय, त्यामुळे फोटो होता तेव्हापेक्षा जास्त लोक विचारतात. चष्मेवाला दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आज आला, आणि म्हणाला, “काच तरी परत द्या.” दिली.

आता दुसरी बातमी. तुझं पाकीट आलं.

पोस्टमन आज हात न हलवता सरळ दारात आला. सूनबाईने पाकीट फाडलं, आत बघितलं, उलटं करून झटकलं. “आई, कागदच नाही,” म्हणाली. तिचा चेहरा असा पडला की मलाच तिची समजूत काढावीशी वाटली. पाकिटातून टेबलावर तारेचा एवढासा तुकडा पडला होता. तो तिने बाजूला सारला.

मी उचलला. बोटाला लागताच कळलं, ही आपली तांब्याची नव्हे. दातांची तार ती, टणक, वाकता वाकायची नाही. तिला गोल काढायचं तर मनगट लागतं. मी आत, उजेडाच्या बाजूला नाही, माझ्या जागेवर जाऊन बसले आणि डोळे मिटून चाचपलं. एक वेढा. दुसरा. तिसरा. तिन्ही उलटे, एकाला दुसऱ्याचा धक्का नाही. आणि त्याच्यापुढे वीतभर शेपूट. न कापलेलं.

सूनबाई दारातून विचारत होती, “आई, काय लिहिलंय का त्यात?” मी म्हटलं, लिहिलंय. “वाचू का?” नको म्हटलं, मला येतं.

जन्मात हे एकच पत्र मी कुणाकडून वाचून घेतलं नाही.

तुझी बारीक पक्कड शोधली. बावीस वर्षं खणात होती, गंजली होती, सांधा हलत नव्हता. तेलात घालून ठेवलीय. टेबलाची तुझी बाजू आवरली. खुर्ची मात्र गेली, ती तुझ्या भावाने मोडली, त्याला विचार. लेकीला आण. ती कोणत्या हाताने लिहिते ते सांगू नकोस, मी स्वतः बघेन.

सूनबाई म्हणते, येणारच आहेत तर हे पत्र टाकायचं कशाला, त्या निघायच्या आत पोचायचंही नाही. मी म्हटलं, टाक. परत गेल्यावर तिला घरी सापडू दे.

सही खाली लावलीय. हसू नकोस, डाव्या हाताने घातलेत तिन्ही वेढे. दुसरा वाकडा आहे. दीड महिना शिकतेय.

शेपूट कापलेलं नाही.

आई